‘तुम्ही काय करता?’ : पॅरिसच्या एका इतिहासमंडळाची गोष्ट

मित्रहो, आजचा धागा लांब आहे आणि तो आपल्यासारख्यांविषयीच आहे. इतिहासाचे वेड असलेल्या, आठवड्यातून एकदा जमून तावातावाने वाद घालणाऱ्या, विशीच्या आसपासच्या मुलांविषयी. ही मुले १८३३ सालच्या पॅरिसमधली. त्यांचे वाद एका वृत्तपत्रसंपादकाच्या आश्रयाने चालत. एके दिवशी प्रतिपक्षातील एकाने असा प्रश्न विचारला, की या वादपटूंची वाचाच बसली.

चर्चमधल्या तरुण मंडळाने आपल्याच वस्तीत सेवाकार्य करावे, ही गोष्ट आज वसईत, मुंबईत किंवा गोव्यात कुणाला नवलाची वाटत नाही. पूर आला की ही मुले शिधा वाटतात, एखाद्या एकट्या म्हाताऱ्याचे औषध आणून देतात. पण जी गोष्ट आपल्याला सवयीची वाटते, तीही कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा केलेली असते. ही त्यांतल्या एका आरंभाची हकिकत.

आधी काळ समजून घेऊ. १८३० च्या जुलैत पॅरिसमध्ये क्रांती झाली, दहावा शार्ल पळाला आणि लुई-फिलिप गादीवर आला. जुन्या राजसत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या कॅथलिक चर्चवर लोकांचा राग होता. फेब्रुवारी १८३१ मध्ये जमावाने आर्चबिशपचा वाडा लुटला. विद्यापीठात धर्माची टवाळी करणे हे बुद्धिमत्तेचे लक्षण समजले जाई. अशा शहरात नोव्हेंबर १८३१ मध्ये लिओंहून एक अठरा वर्षांचा मुलगा कायदा शिकायला आला. त्याचे नाव फ्रेदेरिक ओझानाम. (ही मुले तुमच्याच वयाची असल्यामुळे मी त्यांना एकेरीच संबोधणार आहे. पुढे ओझानाम सोरबॉनमध्ये प्राध्यापक झाला, तरी मला तो त्या वयातलाच दिसत राहतो.)

योगायोग पाहा. तो घर सोडतो न सोडतो तोच, त्याच महिन्यात लिओंच्या रेशीम विणकरांनी मजुरीच्या दरासाठी बंड केले आणि काही दिवस अख्खे शहर ताब्यात घेतले. इकडे पॅरिसमध्ये त्याला राहायला जागा मिळाली ती थेट आंद्रे-मारी अँपिअरच्या घरी. होय, विजेच्या प्रवाहाचे एकक ज्याच्या नावाने ओळखले जाते तोच अँपिअर. तोही लिओंकडचाच आणि श्रद्धाळू कॅथलिक. विज्ञानात अव्वल असलेला माणूस गुडघे टेकून प्रार्थना करतो, हे दृश्य त्या पोराला पुढे आयुष्यभर पुरले.

मग १८३२ उजाडले. आपल्याकडे मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते याच वर्षी, जानेवारीत. पॅरिसकरांना मात्र हे वर्ष पटकीचे म्हणून आठवते. बंगालच्या मुखप्रदेशातून निघालेली ही साथ रशिया, पोलंड, इंग्लंड असा प्रवास करत मार्चअखेरीस पॅरिसला पोहोचली. शहराची वस्ती सुमारे ७ लाख ८५ हजार. त्यांतली १८ हजारांहून अधिक माणसे त्या वर्षी पटकीने गेली. पंतप्रधान काझिमिर पेरिए गेला. सेनापती लामार्क गेला आणि त्याच्या अंत्ययात्रेतून जूनचा तो उठाव पेटला, जो व्हिक्टर ह्यूगोने पुढे ‘ले मिझेराब्ल’मध्ये अमर केला. विहिरींत कुणी विष टाकते आहे, अशी आवई उठली आणि संशयावरून रस्त्यात माणसे ठेचून मारली गेली. रोगाच्या भीतीने कचरा उचलण्याची नवी पद्धत आली, तेव्हा चिंध्यावेचकांनी दंगा केला. कचऱ्यावरच त्यांची चूल पेटत होती.

मरणाने कुठे थैमान घातले? शहराच्या आग्नेय बाजूच्या सें-मार्सो भागात, मुफ्तार रस्त्याच्या आसपास. तिथून बिएव्हर नावाची छोटी नदी वाहत होती. तिच्या काठी चामडे कमावणारे, खाली दाटीवाटीच्या गल्ल्या, वर पाच-सहा मजल्यांची पडकी घरे. या वस्तीपासून कायद्याचे महाविद्यालय अगदी हाकेच्या अंतरावर, टेकडीच्या माथ्यावर. विद्यार्थी रोज त्या टेकडीवर येत-जात असत. खाली उतरण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

आता आपल्या मंडळाकडे येऊ. एमान्युएल बायी हे तत्त्वज्ञानाचे जाणकार, एका कॅथलिक वृत्तपत्राचे संपादक. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वाचनाची आणि चर्चेची सोय केली होती. त्यांच्या छत्राखाली ‘कोंफेरांस दिस्त्वार’ म्हणजे इतिहासाचे चर्चामंडळ भरत असे. प्रवेश सर्वांना मोकळा होता. श्रद्धाळू येत, नास्तिक येत, व्होल्तेरचे भक्त येत आणि सें-सिमोंचे अनुयायीही येत.

हे सें-सिमोंवादी म्हणजे कोण, हे थोडे थांबून सांगतो, कारण त्यांना नुसते खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. काउंट सें-सिमों १८२५ मध्ये वारला. उद्योग आणि विज्ञान यांच्या आधारे समाजाची नवी रचना करावी, सर्वांत गरीब वर्गाचे कल्याण हेच समाजाचे ध्येय असावे, ही त्याची शिकवण. त्याच्या शिष्यांनी १८३२ मध्ये मेनिलमोंतां येथे एकत्र राहण्याचा प्रयोग केला. त्यांच्या अंगरख्याची बटणे पाठीमागे असत, म्हणजे दुसऱ्याच्या मदतीवाचून कुणालाच तो घालता येऊ नये. वेड्यासारखे वाटते ना? पण परस्परावलंबनाचा धडा यापेक्षा सोप्या रीतीने कुणी दिला असेल असे मला वाटत नाही.

तर अशा मंडळींशी ओझानाम आणि त्याचे मित्र वाद घालत. विषय बहुधा एकच: ख्रिस्ती धर्माने युरोपच्या इतिहासात काय केले? ओझानामजवळ दाखल्यांचा साठा होता. मठांनी ग्रंथ जपले, रुग्णालये उभारली, गुलामगिरीच्या बेड्या सैल केल्या. अशाच एका बैठकीत समोरच्या बाकावरून उत्तर आले, त्याचा आशय असा: भूतकाळाविषयी तुमचे म्हणणे मान्य. पण तुमचा धर्म आज मेलेला आहे. इतक्या अभिमानाने स्वतःला कॅथलिक म्हणवणारे तुम्ही, आज काय करता? तुमची कृत्ये कुठे आहेत?

हा प्रसंग आपल्याला मुख्यतः ओझानामच्याच तोंडून कळतो. जानेवारी १८५३ मध्ये फ्लॉरेन्सला केलेल्या भाषणात त्याने तो सांगितला. म्हणजे घटनेनंतर वीस वर्षांनी, मरणाला काही महिने उरले असताना. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण इथे जरा सावध राहायला हवे. वीस वर्षांत आठवण घोटीव होते, संवादांना टोक येते. पण वाद असेच होत होते, टीका हीच होती आणि ती या मुलांना लागली, याला आधार पुष्कळ आहे.

माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. विरोधकाला तोडीस तोड उत्तर देणे ओझानामला सहज शक्य होते. सें-सिमोंवादाच्या खंडनाची पुस्तिका त्याने अठराव्या वर्षीच लिहून छापली होती. पण या प्रश्नाला पुस्तिकेचे उत्तर चालणारे नव्हते. मंडळातल्या ओग्युस्त ल तायांदिए या मुलाने साधी सूचना केली: वाद पुरे, सत्कार्यासाठी निराळी बैठक भरवू. प्रसिद्धी पुढे ओझानामच्या वाट्याला आली. सूचनेचे श्रेय मात्र या अबोल मुलाचे. चरित्रकार सांगतात, की या दोघांनी हिवाळ्यासाठी जपून ठेवलेला आपला उरलासुरला सरपणाचा भारा उचलला आणि शेजारच्या एका गरीब माणसाला नेऊन दिला. कथा सुंदर आहे. तिच्या तपशिलाची हमी मी देणार नाही.

२३ एप्रिल १८३३. संस्था आपला स्थापनादिन म्हणून हीच तारीख मानते. त्या दिवशी ओझानामला वीस वर्षे पूर्ण झाली. बायी यांच्या ‘त्रिब्यून कातोलिक’ या वृत्तपत्राच्या कचेरीत सात जण जमले: ओझानाम, ल तायांदिए, फ्रान्स्वा लालिए, पोल लामाश, झ्यूल दव्हो, फेलिक्स क्लाव्हे हे सहा विद्यार्थी आणि एकोणचाळीस वर्षांचे बायी. बायी अध्यक्ष, दव्हो खजिनदार. तिजोरी नव्हती, बैठक संपताना दव्होची टोपी फिरवायची आणि ज्याला जे जमेल ते त्याने गुपचूप टाकायचे. कुणी किती टाकले हे कुणालाच कळू द्यायचे नाही. श्रीमंत सभासद ताठ होऊ नये आणि गरीब सभासद खजील होऊ नये, यासाठीची ही युक्ती पुढे नियमच झाली.

पैसे जमले खरे, पण गरीब कुठे राहतात? हसू नका. ही खरीच अडचण होती. शिकलेल्या घरांतली ही मुले. मुफ्तारच्या गल्ल्यांत कुणाचे दार ठोठवावे, आत गेल्यावर काय बोलावे, काहीच ठाऊक नव्हते. बायींनी त्यांना धाडले सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे.

या बाईंवर स्वतंत्र धागा व्हायला हवा. १७८६ चा जन्म, यूरा पर्वतातल्या खेड्यातला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतीच्या काळात त्यांच्या घरी फरारी धर्मगुरूंना लपवले जाई. पंधराव्या वर्षी त्या पॅरिसला येऊन व्हिन्सेंट द पॉल यांनी स्थापन केलेल्या सेवाव्रती भगिनींच्या संघात दाखल झाल्या आणि मग जन्मभर मुफ्तारच्याच वस्तीत राहिल्या. दवाखाना, शाळा, पाळणाघर, शिधावाटप, सारे काही त्यांच्या घरातून चाले. कोणत्या माळ्यावर कोण आजारी आहे, कुणाचा नवरा कामावरून निघाला, हे त्यांना तोंडपाठ. राजकीय उठावांनंतर दोन्ही बाजूंच्या फरारींना त्यांनी लपवले. पोलीसप्रमुखाच्या कानावर गोष्ट गेली, पण अटक करायला धजावणार कोण? सगळी वस्ती रस्त्यावर उतरली असती.

त्यांनी मुलांना काही कुटुंबांची यादी दिली आणि पाव-मांसाच्या चिठ्ठ्याही उसन्या दिल्या. चिठ्ठी दाखवली की दुकानदार जिन्नस देई आणि पैसे नंतर मिळत. शिवाय शिकवण दिली: घाई करू नका. उपदेश तर नकोच. बसा, ऐका. ज्यांच्या घरी तुम्ही जाता त्यांना तुमच्या भाकरीइतकीच तुमच्या वेळेची गरज आहे. आज कोणताही अनुभवी समाजसेवक नव्या स्वयंसेवकाला हेच सांगेल.

पद्धत ठरली. दोघादोघांनी जायचे, दर आठवड्याला, त्याच घरी. एकदा जाऊन शिधा टाकून परतायचे नाही. आठवड्याच्या बैठकीत त्या घराचा वृत्तांत सांगायचा. इतिहासमंडळातली सवय इथे कामी आली: नोंद ठेवणे, पुरावा पाहणे, ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट निराळी ठेवणे.

ओझानामच्या वाट्याला आलेल्या पहिल्या घराची हकिकत चरित्रांतून मिळते. एक बाई, पाच मुले. ती काबाडकष्ट करून मिळवी आणि नवरा ते दारूत उडवून तिला बडवी. पाव आणि सरपण देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता, हे कळायला दोन-तीन भेटी पुरल्या असतील. पण ओझानाम कायद्याचा विद्यार्थी होता. त्याने चौकशी केली आणि ध्यानात आले, की या दोघांचा विवाहच कायद्याने झालेला नाही.

हा शोध इतका महत्त्वाचा का, ते पाहा. नेपोलियनच्या संहितेप्रमाणे पत्नीने पतीची आज्ञा पाळायची, तो राहील तिथे राहायचे. घटस्फोटाची जी सोय क्रांतीने दिली होती, ती १८१६ मध्ये रद्द झाली होती. आणि रद्द करणारे होते कॅथलिक राजनिष्ठच, ओझानामचे धर्मबंधू. म्हणजे ही बाई रीतसर विवाहित असती तर तिची सुटका जवळजवळ अशक्य होती. लग्न बेकायदेशीर म्हणून बाई वाचली! विवाहाचे पावित्र्य मानणाऱ्या त्या वीस वर्षांच्या मुलाच्या मनात तेव्हा काय आले असेल, याची कल्पना करून पाहा. त्याने अधिकाऱ्यांकडे खेटे घातले, त्या माणसाला दूर ठेवण्याची व्यवस्था करवली, वर्गणी जमवली आणि बाईला धाकट्या मुलांसह ब्रिटनीत तिच्या आईकडे पाठवले. दोन मोठ्या मुलांना बायींच्या छापखान्यात कामाला लावले.

पावाची चिठ्ठी घेऊन तो जिना चढला होता आणि कायद्याचा प्रश्न घेऊन उतरला. मला वाटते, ओझानामच्या पुढच्या साऱ्या विचाराचे मूळ या एका जिन्यात आहे.

सगळेच असे यशस्वी झाले नाही. १८३४ पासून काही जण ग्रे रस्त्यावरच्या बालकैद्यांच्या तुरुंगात शिकवायला जाऊ लागले. तिथे फळ फारसे दिसले नाही. पण जाणे त्यांनी लगेच सोडले नाही, इतके खरे.

संख्या मात्र वाढत चालली. पहिल्या सातांना आणखी कुणी नकोच होते. मित्रांची घट्ट टोळी मोडेल ही भीती. पण वर्ष-दीड वर्षात शंभरावर सभासद झाले आणि बैठकीत कुणाचेच धड ऐकू येईना. डिसेंबर १८३४ मध्ये ओझानामने मंडळाचे तुकडे करण्याचा प्रस्ताव मांडला आणि एकच कल्लोळ झाला. विरोधकांत ल तायांदिएही होता. अनेक बैठका भांडणात गेल्या. शेवटी १८३५ च्या आरंभी दोन शाखा झाल्या, सेंत-एतियन-द्यु-मों आणि सें-सुल्पीस या दोन धर्मग्रामांपुरत्या. (एका चर्चच्या कक्षेतल्या वस्तीला आपल्याकडचे ख्रिस्ती लोक ‘धर्मग्राम’ म्हणतात.) त्या भांडणातून निघालेली ही रचना, म्हणजे प्रत्येक गटाने आपल्याच धर्मग्रामातल्या घरांची जबाबदारी घ्यायची, हीच पुढे संस्थेच्या विस्ताराची किल्ली ठरली. मध्यंतरी व्हिन्सेंट द पॉल या सतराव्या शतकातल्या संताचे नाव मंडळाने घेतले होते. १८३५ मध्येच नियमावली लिहिली गेली. विद्यार्थी शिक्षण संपवून आपापल्या गावी गेले आणि जाताना मंडळ घेऊन गेले. १८४४ मध्ये डब्लिन, १८४५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस.

इथवर ही एका सेवाभावी मंडळाची सरळ कथा आहे. पण या धाग्याचे खरे प्रयोजन पुढे आहे.

एप्रिल १८३४ मध्ये लिओंचे विणकर पुन्हा उठले आणि सैन्याने त्यांना चिरडले. दोन वर्षांनी लालिएला लिहिलेल्या पत्रात ओझानाम म्हणतो, की आपल्या काळाचा झगडा राजा हवा की प्रजासत्ताक हवे हा नव्हे. ज्यांच्याजवळ फार आहे आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांच्यातला हा झगडा आहे, आणि या दोहोंच्या मध्ये जाऊन उभे राहणे हे आपले काम. पत्र १८३६ चे. मार्क्स तेव्हा अठरा वर्षांचा होता. १८३९-४० मध्ये लिओंला व्यापारी कायदा शिकवताना ओझानामने मजुरीची चर्चा केली: मजुरीतून कामगाराचा निर्वाह, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपणाची तरतूद भागली पाहिजे, माणसाला यंत्रासारखे राबवणे हे त्याला गुलाम करणेच होय. पावाच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या मुलाने एवढा पल्ला गाठला होता.

मग १८४८. फेब्रुवारीत राजा पळाला आणि प्रजासत्ताक आले. त्याच महिन्यात, क्रांतीच्या तोंडावर, ओझानामने एका नियतकालिकात लिहिले, की चर्चने आता राजवाड्यांची सोबत सोडून सामान्य जनतेकडे वळावे. त्याच महिन्यात लंडनमध्ये ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ छापून निघाला. धर्मगुरू लाकोर्देर आणि मारे यांच्यासह ओझानामने ‘लेर नुव्हेल’, म्हणजे ‘नवयुग’, नावाचे दैनिक काढले. राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीला तो लिओंमधून उभाही राहिला आणि पडला.

जूनमध्ये सरकारने बेकारांसाठीच्या राष्ट्रीय कार्यशाळा बंद करण्याचे ठरवले आणि पूर्व पॅरिस पेटले. चार दिवस शहरात युद्ध चालले. ओझानाम राष्ट्रीय रक्षकदलात होता, म्हणजे बंदूक घेऊन सरकारच्या बाजूला. समोरच्या अडथळ्यांमागे मुफ्तारची माणसे होती. ज्यांच्या घरी हे मंडळ पंधरा वर्षे जात होते, तीच माणसे. हे वाक्य मी मुद्दाम थांबून लिहितो आहे. या इतिहासातले सर्वांत अवघड सत्य हेच आहे, आणि संस्थेच्या गौरवपर पुस्तिकांत त्याला फारशी जागा मिळत नाही.

२५ जूनला ओझानाम आणि त्याचे दोन सहकारी आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले: आपण मध्यस्थी करावी, आपला शब्द दोन्ही बाजू ऐकतील. आफ्र तयार झाले. रक्षकदलाच्या गणवेशातले हे तिघे सोबत नकोत, म्हणून त्यांना वाटेत निरोप दिला. संध्याकाळी सेंत-आंत्वान भागातल्या अडथळ्यापाशी ते शांततेचे आवाहन करत असताना गोळी लागली. २७ जूनला त्यांचे निधन झाले. आपण सुचवलेल्या मार्गावर एक माणूस गेला आणि मेला, हे ओझे ओझानामने पुढे वाहिले.

त्याच दिवसांत मुफ्तारमध्ये, बंडखोरांनी पाठलाग केलेला एक अधिकारी सिस्टर रोझालींच्या अंगणात शिरला. मागून जमाव. रोझाली बंदुकांच्या नळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि या घरात कुणाला मारता येणार नाही, असे त्यांनी ठणकावले. जमाव मागे फिरला. त्यात त्यांनी वाढवलेलीच मुले होती. जून संपल्यावर, पुन्हा त्याच अंगणात, पकडलेल्या बंडखोरांच्या बायका रडत आल्या आणि रोझाली त्यांच्यासाठी अधिकाऱ्यांकडे रदबदली करू लागल्या. दोन्हीकडे त्यांचा शब्द चालला, कारण त्या त्या वस्तीत केवळ भेटीला येत नव्हत्या. तिथेच राहत होत्या.

उठावानंतर ओझानाम पुन्हा त्या वस्तीतले जिने चढला, या वेळी मदतवाटपाच्या कामासाठी. त्याने पाहिलेले त्या शरद ऋतूत ‘लेर नुव्हेल’मध्ये लिहिले. सज्जनांना उद्देशून, म्हणजे आपल्याच वर्गाला: बंड मोडले, पण दैन्य नावाचा शत्रू शिल्लक आहे, आणि त्याची तुम्हाला ओळखही नाही. दारिद्र्याचे सारे खापर गरिबाच्या दुर्गुणांवर फोडणाऱ्यांना त्याने तिथे चांगलेच सुनावले. परिणाम? वर्गणीदार गळाले, धर्मबंधूंनी त्याला समाजवाद्यांच्या पंक्तीत बसवले आणि १८४९ मध्ये पत्र हातचे गेले.

आता मंडळाच्या मर्यादांविषयी, कारण केवळ आरती ओवाळणे हा इतिहास नव्हे. रोख पैसे न देता चिठ्ठी देणे, यात सोय होती तसा अविश्वासही होता. घरी येणारा तरुण मदत आणतो, तसा तो चुलीकडे, बाटलीकडे, लग्नाच्या कागदाकडेही पाहतो. ज्याच्या घरी हे पाहिले जाते त्याला ते सुखाचे नसते. आणि स्त्रिया? ज्या बाईंनी या मुलांना वस्तीत चालायला शिकवले, त्यांना या संस्थेची सभासद होता आले नसते. स्त्रियांची समांतर संस्था १८५६ मध्ये इटलीत बोलोन्याला निघाली आणि दोन्हींचे एकीकरण व्हायला १९६७ साल उजाडले.

मात्र सत्तेला ही मंडळे निरुपद्रवी वाटली नाहीत, हेही नोंदवायला हवे. १८६१ मध्ये नेपोलियन तिसऱ्याचा गृहमंत्री पेर्सिन्यी याने फर्मान काढले: मध्यवर्ती समिती हवी असेल तर अध्यक्ष सम्राट नेमील. मंडळांनी नकार दिला आणि पॅरिसची मध्यवर्ती समिती बरखास्त झाली. सम्राटाच्या अध्यक्षापेक्षा त्यांनी अध्यक्ष नसणे पसंत केले.

हे पाहायला ओझानाम नव्हता. ८ सप्टेंबर १८५३ रोजी मार्सेयला तो वारला, वय अवघे चाळीस. संस्थेचा तो कधीच अध्यक्ष नव्हता, आणि ‘संस्थापक’ ही पदवी त्याने स्वतः कधी लावून घेतली नाही. तो गेल्यावर खरा संस्थापक कोण, बायी की ओझानाम, यावर वाद झडलाच. १९९७ मध्ये पॅरिसला भरलेल्या जागतिक युवा दिनाच्या वेळी पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोत्र-दामच्या कॅथेड्रलमध्ये ओझानामला धन्य घोषित केले. रोझाली रांद्यू १८५६ मध्ये गेल्या. मोंपार्नासच्या दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर कोरले आहे, की हे कृतज्ञ मित्रांकडून, श्रीमंतांकडून आणि गरिबांकडून. त्यांना धन्य घोषित करायला २००३ उजाडले.

ही संस्था एकोणिसाव्या शतकातच भारतात पोहोचली. आज मुंबईत, वसईत, गोव्यात अनेक धर्मग्रामांत ती आहे. चर्चच्या दाराशी ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ असे लिहिलेली दानपेटी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. सभासद अजूनही दोघादोघांनी ठरलेल्या घरी जातात, बैठकीत वृत्तांत सांगतात आणि शेवटी गुप्त वर्गणी गोळा होते.

आणि आपल्यासारख्यांना आवडेल असा एक तपशील. या संस्थेच्या प्रत्येक स्थानिक गटाला जगभर आजही ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. सेवा करणाऱ्या पाच-पंचवीस माणसांच्या गटाला हे चमत्कारिक नाव का, असे पुष्कळ सभासदांनाही वाटत असेल. ते आले आहे बायींच्या त्या ‘कोंफेरांस दिस्त्वार’वरून. मुलांनी नाव तेच ठेवले. त्यातला ‘इतिहास’ तेवढा काढून त्या जागी ‘सेवा’ हा शब्द घातला.